साडेतीन लाखांचे स्पीकर आणि चिऱ्यांच्या भिंती

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. गोव्यात फोंड्याजवळ आपण नवे घर बांधले आहे. दिवाणखाना १८ बाय १४ फुटांचा, उंची १० फूट, भिंती चिऱ्यांच्या आणि त्यांवर सिमेंटचा गिलावा, खाली गुळगुळीत टाइल्स, आणि बागेच्या बाजूला काचेचा सरकता दरवाजा. ऐकणे प्रामुख्याने नाट्यसंगीत, ख्याल आणि जुनी चित्रपटगीते. मुले सुटीला आली की एखादा चित्रपट. आपण साठ हजारांची, स्टँडवर ठेवायच्या छोट्या स्पीकरांची जोडी पसंत केली होती; विक्रेत्याने मात्र साडेतीन लाखांचे टॉवर, म्हणजे उंच उभ्या पेटीचे, स्पीकर सुचवले आणि ‘एकदाच घ्या, आयुष्यभर बघायला नको’ असे सांगितले. वरच्या तीन लाखांतून नेमके काय हाती लागेल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

घरांमध्ये आणि लहान सभागृहांमध्ये ध्वनियंत्रणा बसवण्याचे आणि बिघडलेली दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे गोव्यात करत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की, पाच-सात हजारांच्या ब्लूटूथ डब्यापासून साठ हजारांच्या चांगल्या जोडीपर्यंतचा फरक खरा असतो आणि तो कोणालाही ऐकू येतो. त्यापुढे जे पैसे जातात, ते बहुतांशी खोल खर्ज, म्हणजे अगदी खालचे स्वर, मोठ्या आवाजात न फाटता वाजवण्याच्या ताकदीसाठी आणि पेटीच्या देखणेपणासाठी जातात. आपल्या दिवाणखान्यात त्या ताकदीचा उपयोग होण्याआधी दिवाणखानाच आडवा येईल. म्हणून आपल्याला तरी मी टॉवर घेण्याचा सल्ला देणार नाही. मात्र यामागची कारणे नीट समजून घेतली, तर उद्या दुसरा विक्रेता दुसरे काही सुचवील तेव्हाही आपल्याला स्वतःच निर्णय घेता येईल.

आज घराघरांत असणाऱ्या स्पीकरची मूळ रचना अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी, गुंडाळीला जोडलेला शंकू, आणि प्रवाह बदलेल तसा पुढे-मागे हलणारा तो शंकू, ही रचना शंभर वर्षांत मुळातून बदललेली नाही. वूफरला, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या भागाला, कोणत्या मापाची पेटी द्यावी, हे गणिताने ठरवण्याची पद्धत ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये दाखवली, तिचा विस्तार रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात केला, आणि आता ते गणित साध्या संगणकावर काही मिनिटांत होते. जे ज्ञान एके काळी मोजक्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत होते, ते आता मध्यम किमतीच्या स्पीकरातही उतरले आहे. त्यामुळे आजच्या साठ हजारांच्या जोडीची तुलना तीस वर्षांपूर्वीच्या मध्यम दर्जाच्या जोडीशी करणे तिच्यावर अन्याय करण्यासारखे होईल.

मग साडेतीन लाख कशाचे? पेटीच्या जाड, आतून आडव्या-उभ्या पट्ट्यांनी बांधलेल्या भिंती, वर खऱ्या लाकडाचे आवरण किंवा गाडीसारखी चकाकी, मोठी चुंबके, अधिक वूफर, परदेशातून येणाऱ्या जड खोक्याची वाहतूक, आयातीचा कर, वितरक आणि विक्रेता यांचा वाटा, आणि नावाची पुण्याई. यांतले काही आवाजासाठी उपयोगी आहे, काही केवळ डोळ्यांसाठी. डोळ्यांसाठी पैसे खर्च करण्यात गैर काहीच नाही. ते आपण आवाजासाठी मोजतो आहोत असा समज मात्र नसावा.

आवाजापुरते बोलायचे तर सर्वांत महाग गोष्ट म्हणजे खर्ज. कंपनसंख्या निम्मी झाली, म्हणजे आपण एक सप्तक खाली उतरलो, की तेवढाच मोठा आवाज काढण्यासाठी त्याच शंकूला चौपट अंतर पुढे-मागे हलावे लागते. ८० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांना, एक मिलिमीटर हलणाऱ्या वूफरला ४० हर्ट्झला चार आणि २० हर्ट्झला सोळा मिलिमीटर हलावे लागेल. पाच इंची वूफर इतका हलू शकत नाही. तो आधी कुरकुरतो, मग फाटतो. उपाय दोनच आहेत: शंकूचे क्षेत्रफळ वाढवणे किंवा त्याची हालचाल वाढवणे. दोन्हींसाठी मोठे चुंबक, मोठी पेटी आणि मोठा पैसा लागतो. दोन आठ इंची वूफरांचे क्षेत्रफळ एका पाच इंची वूफरच्या साधारण पाचपट भरते, आणि टॉवर स्पीकरच्या किमतीचा जो भाग आवाजाच्या कारणी लागतो, तो मुख्यतः येथे असतो. छोटी पेटी, खोल खर्ज आणि कमी वीज या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, कोणतीही दोनच निवडावी लागतात, हे कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीने बदललेले नाही.

आता आपल्या संगीताला हा खर्ज किती लागतो, ते पाहू. पुरुष गायक काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज मानून, गात असेल, तर मधला षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे १०४ हर्ट्झचा. हार्मोनियम, सारंगी, व्हायोलिन आणि तबल्याचा दायाँ हे सर्व याच्या वर आहेत. डग्ग्याचा घुमारा तेवढा खाली उतरतो. म्हणजे साधारण ५५-६० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर आपल्या नाट्यपदाचे किंवा बडा ख्यालाचे काहीही गाळत नाही, आणि साठ हजारांच्या बहुतेक चांगल्या जोड्या तिथपर्यंत उतरतात. त्याखालच्या दीड सप्तकासाठी तीन लाख मोजावेत, असे त्या संगीतात काही नाही. चित्रपटातले स्फोट आणि गडगडाट, चर्चमधल्या पाइप ऑर्गनचे तळाचे सूर किंवा आजचे इलेक्ट्रॉनिक संगीत यांची गोष्ट वेगळी, आणि त्यांच्यासाठी टॉवरपेक्षा स्वतंत्र सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारी वेगळी पेटी, हा स्वस्त आणि बहुधा अधिक चांगला मार्ग आहे. कारण सबवूफर खोलीत जिथे खर्ज सर्वांत सम वाजतो तिथे ठेवता येतो, टॉवरचा वूफर मात्र टॉवर जिथे उभा असेल तिथेच राहतो.

आपल्या संगीताचा कस लागतो तो मधल्या आणि वरच्या पट्टीत. तानपुऱ्याच्या जवारीतून उमटणारी स्वरांची दाट वीण, गायिकेच्या तारसप्तकातल्या स्वराची धार, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’, हे सारे प्रामुख्याने एक ते सहा हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ओळखू येते, आणि माणसाचा कानही साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान सर्वाधिक संवेदनशील असतो. तबल्यावरील शाईमुळे त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. स्पीकरने त्यांतला एखादा उपस्वर दाबला किंवा फुगवला की तबला लगेच पत्र्यासारखा किंवा पुठ्ठ्यासारखा वाजू लागतो. दुर्दैवाने वूफर आणि वरचे स्वर वाजवणारा छोटा ट्वीटर यांची जोडणी, म्हणजे क्रॉसओव्हर, बहुतेक दुहेरी स्पीकरांत दोन-तीन हजार हर्ट्झलाच असते. अडीच हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम १४ सेंटिमीटर असते, साडेसहा इंची वूफरच्या शंकूइतकीच. त्यामुळे तेथे पोहोचेपर्यंत वूफरचा आवाज समोर एकवटू लागतो आणि बाजूंना कमी जातो. तिथेच छोटा ट्वीटर कामाला लागतो आणि तो मात्र चहूकडे आवाज फेकतो. समोर बसून ऐकताना हे जाणवत नाही, पण बाजूच्या भिंतीवर आदळून येणारा आवाज बिघडलेला असतो, आणि गायिका जोर लावते तेव्हा तिचा स्वर टोचू लागतो.

हा दोष टाळण्यासाठी ट्वीटरभोवती उथळ कर्ण्यासारखा आकार देतात किंवा ट्वीटर वूफरच्या मधोमध बसवतात. हे करणारे स्पीकर आज मध्यम किमतीतही आहेत आणि न करणारे लाखोंच्या किमतीतही आहेत. स्वस्त आणि मध्यम यांच्यातला सर्वांत मोलाचा फरक मला इथे दिसतो, आणि मध्यम व महाग यांच्यातली किंमत काहीच सांगत नाही तेही इथेच.

हे माझ्या एकट्याच्या कानाचे मत नाही. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर शॉन ऑलिव्ह यांच्यासह हार्मन कंपनीत अनेक वर्षे स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांची पसंती तपासली. समोरचा आवाज सपाट आणि बाजूंना जाणारा आवाज हळूहळू, खळगे न पडता उतरणारा असेल, तर बहुसंख्य श्रोते, मग ते जाणकार असोत वा नवखे, त्याच स्पीकरला कौल देतात, असे त्यातून दिसले. १९९४ मध्ये त्यांनी तेच स्पीकर एकदा दिसू दिले आणि एकदा झाकले. दिसत असताना थोराड, भारदस्त स्पीकरांना झुकते माप मिळाले. झाकल्यावर ते अंतर आटले. त्याहून लक्षणीय म्हणजे, स्पीकर झाकलेले असताना त्यांची खोलीतली जागा बदलली की श्रोत्यांचे गुण ठळकपणे बदलत होते, आणि स्पीकर दिसत असताना त्याच श्रोत्यांना जागेचा तो परिणाम तितकासा जाणवत नव्हता. डोळे उघडे असले की कान आपण मोजलेल्या किमतीच्या बाजूने साक्ष देतात, असे मी म्हणेन.

जागेचा विषय निघालाच आहे, तर खोलीकडे वळतो, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्यात आहे. परदेशी समीक्षा वाचून किंवा पाहून आपण स्पीकर निवडतो, पण त्या समीक्षकाचे घर बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेले असते. तशी भिंत खर्जाने किंचित हलते आणि त्याचा काही भाग गिळते. आपली चिऱ्याची भिंत काही हलत नाही. ती सगळा खर्ज जसाच्या तसा परत पाठवते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी बरोबर मावते, तो ध्वनी तिथे अडकून घुमत राहतो. आपल्या खोलीसाठी हा हिशेब सोपा आहे: १८ फुटांच्या लांबीत सुमारे ३१ हर्ट्झ, १४ फुटांच्या रुंदीत सुमारे ४० हर्ट्झ, १० फुटांच्या उंचीत सुमारे ५६ हर्ट्झ, आणि त्यांच्या पटी. अशा कंपनसंख्यांना एका खुर्चीत दहा-दहा डेसिबलचा फुगवटा आणि चार फुटांवरच्या दुसऱ्या खुर्चीत तेवढाच खड्डा, हे अपवादाने नव्हे तर नेमाने घडते. साठ हजारांचा स्पीकर ५५ हर्ट्झखाली फारसा उतरत नसल्याने यांतल्या तळाच्या दोन घुमाऱ्यांना तो फारसा छेडतच नाही. साडेतीन लाखांचा टॉवर मात्र त्यांना पूर्ण ताकदीने छेडेल, आणि डग्ग्याचा प्रत्येक ‘घे’ पुढच्या मात्रेवर सांडेल. अशी घरे मी पाहिली आहेत, जिथे मालक टॉवरच्या मागच्या छिद्रात घरातले मोजे कोंबून गाणे ऐकत असतो.

मोज्यांचा उपाय हसण्यावारी नेण्याजोगा नाही, त्यामागे शास्त्र आहे. आपल्याकडे चतुर्थीच्या आरतीला घुमट, म्हणजे तोंडावर चामडे ताणलेले मडक्याचे वाद्य, वाजवणारा एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्या तळव्याने मडक्याचे लहान तोंड उघडे-बंद करून घुमारा वाढवतो-कमी करतो. स्पीकरच्या पेटीला असलेले छिद्र नेमके तेच काम करते: पेटीतली हवा आणि छिद्राच्या नळीतली हवा मिळून एका ठराविक स्वरावर डोलते आणि वूफरला तिथे मदत करते. स्पीकर भिंतीजवळच ठेवणे भाग असेल, तर छिद्रात फोमचा बोळा घालून तो घुमारा आवरता येतो. कित्येक कंपन्या असे बोळे खोक्यातच देतात आणि बहुतेक घरांत ते खोक्यातच राहतात.

खर्जाच्या वर अडचण निराळी आहे. खोली किती वेळ निनादते, याचे सूत्र वॉलेस सबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधले: घनफळ भागिले खोलीतले एकूण ध्वनिशोषण, गुणिले ०.१६१. आपली खोली सुमारे ७१ घनमीटर आहे. गिलावा, टाइल्स आणि काच आपल्यावर पडलेल्या आवाजाचा दोन-तीन टक्केच भाग शोषतात, म्हणून रिकामी असताना ही खोली तीन सेकंदांहून अधिक निनादेल. सोफा, पडदे, माणसे आली की हा काळ खाली येतो, पण गाणे नीट ऐकण्यासाठी तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास हवा, आणि त्यासाठी सुमारे २३ चौरस मीटर इतके पूर्ण शोषण लागते. एवढे शोषण विकत घेता येते, तेही स्पीकरच्या तुलनेत क्षुल्लक किमतीत. काचेच्या दरवाजावर चुण्या राखून शिवलेला जाड सुती पडदा, स्पीकर आणि सोफा यांच्या मधल्या टाइल्सवर जाड सतरंजी, बाजूच्या भिंतींवर जिथे आरसा धरला असता सोफ्यावरून स्पीकर दिसेल तिथे रॉकवूलच्या, म्हणजे दगडापासून केलेल्या तंतूंच्या लादीच्या, चौकटी. या चौकटी ओळखीचा सुतार बनवून देतो. आत किमान दोन इंच, शक्यतो चार इंच रॉकवूल, वर पातळ सुती कापड. आपल्या हवेत एक पथ्य पाळावे: चौकट भिंतीला चिकटवू नये, दोन इंच मोकळे सोडावेत. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि चिकटवलेल्या चौकटीमागे श्रावणापर्यंत बुरशी तयार होते. मोकळ्या जागेमुळे शोषणही वाढते, हा वरचा फायदा. लोकरीचा जाड गालिचा मात्र आपल्याकडे आणू नये. तो ऑगस्टमध्ये वास मारू लागतो.

जुन्या कौलारू घरात, जिथे माळा नाही आणि छत थेट कौलांचे आहे, तिथे गाणे बहुधा अधिक सुखद वाजते, कारण छत उतरते असते आणि कौलांच्या फटींतून बराच आवाज बाहेर निघून जातो. त्याची किंमत आषाढात मोजावी लागते; कौलांवर पाऊस कोसळत असताना साठ हजार आणि साडेतीन लाख यांच्यातला सूक्ष्म फरक ऐकू येतो असे म्हणणारा गृहस्थ मला भेटायचा आहे. पंख्याचेही तेच. मध्यम गतीवरचा पंखा चाळीस-पंचेचाळीस डेसिबलचा आवाज सहज करतो आणि गाण्यातले सर्वांत हळुवार श्वास त्याखाली बुडतात.

मूळ ध्वनिमुद्रणाचाही विचार करावा लागेल. आपल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचे जे गाणे आपल्यापर्यंत पोहोचले, ते बरेचसे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरचे, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे, आणि त्या काळच्या यंत्रणेत वरचे स्वर पाच-सहा हजार हर्ट्झच्या आसपासच विरत. त्यावर कितीही महाग ट्वीटर लावला, तरी तो तबकडीची खरखरच अधिक सुबकपणे ऐकवेल. जुनी नाट्यपदे आणि आकाशवाणीची बरीच मुद्रणे एकवाहिनी (मोनो) आहेत. ती ऐकताना दोन स्पीकरांमधल्या अवकाशाचे जे कौतुक विक्रेता करतो, ते तिथे नसतेच. अशा मुद्रणांना मधली पट्टी सम आणि शांत वाजवणारा स्पीकर हवा. अलीकडच्या मैफलींची चांगली मुद्रणे ऐकत असाल, तर स्पीकरच्या दर्जाचे मोल निश्चितच वाढते.

अँप्लिफायर आणि तारा यांवर फार लिहीत नाही. एक वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणारी जोडी तीन मीटरवरून आपल्या खोलीत सुखाने ऐकायला सरासरी एक दशांश वॅटही पुरतो, आणि अचानक उसळणाऱ्या तिहाईसाठी दहा वॅट. चाळीस-पन्नास वॅटचा प्रामाणिक अँप्लिफायर घ्यावा आणि विसरून जावे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा, पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन, रोध सुमारे ०.१२ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे त्यामुळे होणारी घट डेसिबलच्या एक-दोन दशांशांची. मीटरला हजारो रुपये मागणाऱ्या तारेकडे त्याहून काही नाही.

‘आयुष्यभर बघायला नको’ या आश्वासनाला गोव्यात फार जपून घ्यावे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, चार महिने नव्वद टक्क्यांच्या घरातली आर्द्रता, किनाऱ्याजवळ खारा वारा, यांतून कोणतीही किंमत सुटत नाही. शंकूच्या कडेला फोमची झालर असेल, तर दहा-पंधरा वर्षांत ती हातात चुरा होऊन येते, मग स्पीकर कितीही नामांकित असो; रबराची झालर कितीतरी जास्त टिकते, म्हणून खरेदीच्या वेळी बोटाने दाबून ती पाहावी. दाबलेल्या भुश्श्याच्या पेटीला खालून ओल लागली की तळ फुगतो, त्यामुळे स्पीकर थेट फरशीवर कधीच ठेवू नये. मागच्या जोडणीच्या खिळ्यांवर हिरवट थर चढतो. दर पावसाळ्यानंतर तारा सोडवून, टोके कापून, नवी टोके घट्ट बसवणे हा दहा मिनिटांचा उपाय आहे. वळवाच्या आणि दसऱ्या-दिवाळीच्या विजांच्या दिवसांत प्लग काढून ठेवावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. आयात केलेल्या टॉवरचा एखादा वूफर जळला तर तो परदेशातून यायला महिने लागतात, आणि मॉडेल बंद झाले असेल तर येतच नाही. साठ हजारांच्या जोडीला हीच वेळ आली तर नुकसान सोसण्याजोगे असते.

मग महाग स्पीकर घेऊच नयेत का? माझ्या ओळखीच्या काही घरांत ते अगदी योग्य जागी आहेत. सासष्टीतल्या जुन्या वाड्यांमधला तीस फुटी दिवाणखाना, पंधरा फूट उंच छत, सागवानी तक्तपोशी, आणि पंचवीस माणसे बसून ऐकणारी बैठक, अशा ठिकाणी छोटी जोडी दमते. मोठ्या आवाजात सलग वाजताना गुंडाळी तापते आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो; शंभर अंशांनी तापलेली गुंडाळी त्याच अँप्लिफायरवर जवळपास तीन डेसिबल कमी वाजते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही, म्हणून बैठक रंगात आली की नेमका तेव्हाच आवाज दबल्यासारखा वाटतो. मोठी गुंडाळी आणि अधिक वूफर असलेला स्पीकर तिथे आपली किंमत वसूल करून देतो. रोज दोन-दोन तास, चांगली मुद्रणे, स्वतंत्र आणि नीट केलेल्या खोलीत बसून ऐकणाऱ्यालाही दीड-दोन लाखांपर्यंत जाण्यात अर्थ आहे. त्याहून वरची खरेदी आवडीची, हौसेची. हौसेला हिशेब मागू नये, आणि हौसेने हिशेबाचा आव आणू नये.

आपल्यासाठी मी अशी वाटणी करेन: साठ हजारांची जोडी, रबरी झालरीची आणि शक्यतो पुढे छिद्र असलेली, तीस-पस्तीस हजारांचा अँप्लिफायर, ज्याच्यासोबत मायक्रोफोन येतो आणि जो खोली मोजून खर्जाचे फुगवटे कापतो, पडदा, सतरंजी आणि चौकटी यांना वीस-पंचवीस हजार, लोखंडी स्टँड गावातल्या फॅब्रिकेटरकडून, आत कोरडी चाळलेली वाळू भरून. फुगवटे यंत्र कापू शकते, पण खड्डे भरू शकत नाही. त्यासाठी सोफा मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढावा आणि तो खोलीच्या बरोबर मधोमधही येऊ देऊ नये. स्पीकर १४ फुटी भिंतीपासून किमान दोन फूट पुढे, एकमेकांपासून सात-आठ फुटांवर, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. सबवूफर आताच घेऊ नये. सहा महिने ऐकल्यावर चित्रपटांत उणीव भासली तर तेव्हा पाहता येईल.

आणि तरीही टॉवर मनातून जात नसतील, तर विक्रेत्याला दोन्ही जोड्या आपल्या घरी आणून लावायला सांगावे. साडेतीन लाखांच्या विक्रीसाठी एवढे तो करेल, आणि करत नसेल तर तेही उत्तरच समजावे. दोन्ही जोड्यांपुढे पातळ पडदा धरावा. मोबाइलवरच्या आवाजमापकाने दोन्हींचा आवाज अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून घ्यावा, कारण एका डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर कोणालाही ‘अधिक खुला’ वाटतो आणि दुकानातली निम्मी विक्री त्यावरच होते. आधी नुसता तानपुरा, मग विलंबित लयीतला डग्गा, मग तारसप्तकात गाणारी एखादी गायिका, अशा क्रमाने ऐकावे. कोणती जोडी केव्हा वाजते, हे फक्त बदलणाऱ्याला ठाऊक असावे, आणि घरातल्या दोघा-तिघांनी आपापली पसंती न बोलता कागदावर लिहावी. हे एका दुपारचे काम आहे. कागद जुळले आणि ते टॉवरच्या बाजूने असले, तर ते बिनदिक्कत घ्यावेत. न जुळल्यास विक्रेत्याला चहा पाजून टॉवर परत पाठवावेत आणि सुताराला चौकटींची मापे द्यावीत.